पेटीच्या तळातली साडी

तळेघरच्या वरच्या वाडीत सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. गोष्ट एका गायब झालेल्या बाईची होती. कपड्यांचं काम जुन्नरच्या सानियाकडे होतं. तिला वापरलेली साडी हवी होती, तेव्हा वाडीतल्या सुभाषच्या नव्या बायकोने, वैजयंतीने, पेटीच्या तळातली एक हिरवी साडी काढून दिली.

दुपारी धुकं उतरलं. ती साडी नेसून नटी बांधावरून चालत आली. बघायला जमलेल्यांतले म्हातारे गेणभाऊ उठून सरळ कॅमेऱ्यासमोर गेले. त्यांनी पदर हातात धरला.

"माझ्या इंद्रायणीची हाय ही. हे रफू तिच्या आईनं केलंय."

इंद्रायणी ही गेणभाऊंची लेक, सुभाषची पहिली बायको. ती घर सोडून निघून गेली, असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं.

गेणभाऊ जावयाकडे वळले. "हीच साडी नेसून गेली म्हणला व्हतास ना?"

"तशा दोन व्हत्या," सुभाष म्हणाला. वैजयंती त्याच्यापासून हळूच बाजूला सरकली.

नटीने कपडे बदलल्यावर सुभाष सानियाजवळ आला. "ताई, साडी द्या."

"धुऊन देते," ती खाली बघत म्हणाली. तिने साडी पिशवीत कोंबली आणि गेणभाऊंना जीपमध्ये बसवलं. वाटेतलं शिनोली गाव मागे पडेपर्यंत ती वळून वळून मागचा रस्ता बघत होती.

घोडेगावच्या पोलीस ठाण्यासमोर जीप थांबली, तरी गेणभाऊ उतरेनात.

"आत गेलो की पोर जित्ती न्हाई, हे खरं व्हईल," ते म्हणाले.

सानियाने त्यांचा हात धरला आणि त्यांना हळूच खाली उतरवलं.