जुनी बाजू न विसरलेली गाडी

मित्रांनो, नीरफणसाच्या झाडाखाली उभी असलेली, निळा रंग अर्धा उडालेली, टपावर कोंबडी बसवून घेतलेली जी पिकअप गाडी तुम्हाला दिसते, ती मी. कोंबडीला हाकलू नका. ती माझ्याइतकीच म्हातारी आहे आणि तिला दुसरीकडे झोप येत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आता धड आठवत नाही. ठिणग्या आठवतात आणि ताज्या रंगाचा वास आठवतो. खरी आठवण आहे ती समुद्राची. शेजारच्या अमेरिकन बेटावरच्या पागो पागो बंदरातून बोटीने निघालो तेव्हा आम्ही दोघी होतो. माझ्या शेजारी माझ्यासारखीच एक निळी गाडी दोरखंडाने बांधलेली होती. रात्रभर लाटा आम्हाला डोलवत राहिल्या आणि मला वाटले, जग असेच असते, पाण्यावर झुलणारे. अजूनही दुपारी सावलीत डोळा लागला की मी त्या बोटीवर जाते.

सामोआत उतरल्यावर बहिणीला शेजारच्या गावच्या फुइमाओनो आजोबांनी घेतले आणि मला आपेलूने. आपेलू तेव्हा तरणाबांड होता. त्याने माझ्या बॉनेटवर हात ठेवून बायकोला, लूपेला, हाक मारली, "बघ, काय देखणी आहे!" लूपे म्हणाली, "माझ्याकडे बघून असं कधी बोललास का रे?" त्या दिवसापासून आम्ही तिघे एकत्र आहोत.

मी काय काय वाहिले म्हणून सांगू! अळकुड्यांची पोती, नारळ, लग्नाच्या मऊ चटया, एकदा तर एवढे मोठे डुक्कर की माझी मागची बाजू जमिनीला टेकली होती. पण माझ्या मानाचा दिवस एकच, ऑक्टोबरातला पांढरा रविवार. त्या दिवशी आमच्याकडे सगळा मान मुलांचा असतो. मुले आधी जेवतात आणि मोठी माणसे वाढतात. डोंगराकडच्या वस्तीतली सगळी मुले पांढरेशुभ्र कपडे घालून माझ्या पाठीवर बसत आणि देवळात म्हणायची बायबलमधली वचने वाटेत घोकत. आपेलू मला इतकी हळू चालवायचा की कुणाच्या कपड्यावर धुळीचा ठिपकासुद्धा पडत नसे.

मग तो सप्टेंबर आला. आमच्या देशात सगळ्या गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालत. सरकारने सांगितले, सोमवारी सकाळपासून सगळ्यांनी डावीकडून चालायचे. अख्खे गाव गंमत बघायला रस्त्याकडेला चटया टाकून बसले. आपेलूने घाम पुसत मला डावीकडे घेतले. फुइमाओनो आजोबांनी मात्र साफ नकार दिला. "माझा बाप उजवीकडून चालला, मी उजवीकडून चाललो. आता उजवीकडून नाही चालायचं, तर मुळीच नाही चालायचं!" असे म्हणून त्यांनी माझ्या बहिणीला मळ्यात उभे केले ते कायमचे.

वर्षे गेली. हळूहळू मला काहीतरी होऊ लागले. सरळ रस्त्यावर माझे पाऊल सरळ पडेना. आपेलूने स्टिअरिंग वळवले तरी ते आधी थोडे रिकामेच फिरे, मग चाके वळत. मी तरंगल्यासारखी रस्त्याच्या मध्याकडे जाई आणि समोरून येणारा ब्रेक दाबून ओरडे. गावाला हसायला कारण मिळाले.

"जुनी बाजू विसरत नाही बिचारी!"

"माहेरची आठवण येते तिला!"

सगळ्यात मोठ्याने हसे तो आपेलूचा धाकटा भाऊ येलेमिया. त्याची जीभ म्हणजे नुकतीच परजलेली कोयती. पण मित्रांनो, ते ऐकून मलाही ते खरे वाटू लागले. वाटे, खरेच माझे मन त्या जुन्या रस्त्यात अडकले असेल. मला ते आवडूसुद्धा लागले. आपेलूही हसायचा, माझे स्टिअरिंग थोपटायचा आणि म्हणायचा, "चल गं, आता इकडूनच जायचं असतं." कुणी एकाने मध्येच स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून दिला. त्याने स्टिअरिंग तेवढे जड झाले, माझे भरकटणे होते तसेच राहिले. माहेरची आठवण म्हटल्यावर तिला कोण कशाला औषध शोधतो?

एका दुपारी शाळा सुटली होती. मी उजवीकडे गेले ती गेलेच. पाद्रीबाईंच्या फुलांचे कुंपण मोडून थांबले. कुंपणापाशी येलेमियाची नात मालाएआ उभी होती. तिला काही झाले नाही, पण तिच्या हातातली पाटी माझ्या चाकाखाली गेली.

येलेमिया धावत आला. "गाडीच ऐकेना रे," आपेलू म्हणाला. त्या दिवशी तो हसला नाही.

"दादा, गाडीला काय बोल लावतोस? तुझे हात बघ. चहाचा कप धरता येत नाही तुला धड!"

आपेलूने हात पाहिले. ते थरथरत होते. एवढे झाल्यावर कुणाचे थरथरणार नाहीत? येलेमियाने किल्ली काढून लूपेच्या हातात दिली. "वहिनी, ही तुझ्याकडे. पांढऱ्या रविवारी मुलांना मी नेईन. ह्याच्या हातात पोरं द्यायची नाहीत."

लूपेने किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. आपेलू माझ्याजवळ यायचा बंद झाला. आमच्याकडच्या घरांना भिंती नसतात, नुसते खांब, त्यामुळे मला तो दिवसभर दिसे, खांबाला टेकून स्वतःच्या तळव्यांकडे पाहत बसलेला. मला ओरडून सांगावेसे वाटे, अरे, तुझे हात नाहीत रे! पण हॉर्नसुद्धा कुणी दाबल्याशिवाय वाजत नाही. फार वाईट दिवस होते ते.

पांढरा रविवार जवळ आला तेव्हा येलेमिया मला घेऊन मळ्यात अळकुड्या आणायला गेला. लूपे मागे पोत्यांवर पाय सोडून बसली होती. नुकताच पाऊस पडून गेला होता आणि मळ्याची वाट ओली होती. लूपे मागे सुटणारी वाट पाहत होती. माझ्या चाकांचे ठसे तिच्या डोळ्यांसमोर उमटत होते. घरी पोचल्यावर ती खाली उतरली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"येलेमिया, तुझेही हात थरथरतात का रे?"

"मला काय झालंय?"

"ठसे बघून ये. गोगलगाय चालल्यासारखे आहेत. आणि ही उजवीकडे जाते तशी डावीकडेही जाते. जुन्या बाजूची आठवण येते म्हणता ना? मग डावीकडे काय तुझ्या आठवणीनं जाते?"

"ओल्या मातीत कुणाचीही गाडी घसरते, वहिनी," येलेमिया पुटपुटला आणि पोती न उतरवताच निघून गेला. माझ्यातही लखकन काहीतरी चमकले. खरेच की! उजवीकडे गेले की लोक ओरडत, म्हणून ते सगळ्यांच्या लक्षात राहिले. डावीकडे गवतात उतरले की ओरडायला कोण होते?

लूपे तडक आपेलूकडे गेली. "ऊठ म्हाताऱ्या. गाडीखाली जा."

"माझ्यानं नाही होणार. हात…"

"हातांचंच काम आहे. ऊठ!"

त्याने आधी चारी चाकांची हवा पाहिली. ती ठीक होती. मग चाकांना दगड लावून, इंजिन बंद ठेवून, तो चटई घेऊन माझ्याखाली शिरला. लूपे आयुष्यात पहिल्यांदा चालवणाऱ्याच्या जागेवर बसली.

"आता स्टिअरिंग हलव. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे."

"एवढं?"

"बास बास! झोपाळा नाहीये तो!"

ती हलवत राहिली आणि तो एकेका सांध्यावर तळवा ठेवत गेला. स्टिअरिंग बॉक्स घट्ट होता. डावीकडचे जोड घट्ट होते. मग त्याचा हात उजवीकडे आला, जिथे चाके वळवणारा लांब दांडा एका छोट्या आर्मवर टांगलेला असतो. मित्रांनो, त्या हाताचा स्पर्श मी विसरणार नाही. लूपेने स्टिअरिंग हलवले आणि तो आर्म आधी वरखाली डुगडुगला, मगच दांडा सरकला.

"लूपे, परत हलव."

"अरे, खांदे भरले माझे."

"हलव गं!"

टक. टक. बाहेर ते ऐकूही येत नव्हते, पण त्याच्या तळव्याला ते कळले. आतला बुश, म्हणजे सांध्यातले अस्तर, पार झिजला होता. आपेलू तिथेच पडून राहिला. लूपेने वाकून पाहिले तर तो रडत होता. "माझे हात नाहीत, लूपे," तो म्हणाला. तीही मग पायरीवर बसून रडली.

नवा आर्म कुठून आणायचा? फुइमाओनो आजोबा आता नाहीत, पण माझी बहीण त्यांच्या मळ्यात वेलींखाली होती. त्यांच्या सुनेने आनंदाने परवानगी दिली. बहिणीचा आर्म ग्रीसमध्ये बुडालेला, जवळजवळ नव्यासारखा निघाला. येलेमियाला राहवले नाही. "दादा, अरे ही तर एकदासुद्धा डावीकडून चाललेली नाही! आता तर तुझी गाडी पक्की उजवीकडेच पळणार!"

"मग तू मागून चालत ये," आपेलू म्हणाला, "आणि ठसे बघ."

आर्म बसवून झाल्यावर लूपेने गळ्यातली किल्ली काढून त्याला दिली. मळ्याच्या वाटेवर आपेलूने मला चालवले. त्याने स्टिअरिंग जरासे हलवले की चाके लगेच ऐकत होती. मागून येलेमिया मान खाली घालून चालत होता. शेवटपर्यंत दोन रेघा सरळ गेल्या होत्या.

पांढऱ्या रविवारी सकाळी येलेमिया मालाएआला घेऊन आला. त्याने तिला माझ्या पाठीवर नाही बसवले, पुढे आपेलूच्या शेजारी बसवले. "दादा, हिचं वचन अजून पाठ नाही," तो म्हणाला. "हळू चालव. म्हणजे वाटेत होईल." आपेलूने मला हळूच पुढे काढले. त्याचे हात थोडे थरथरत होते. मी मात्र सरळ चालत होते.

मित्रांनो, एकच मागते. तुमच्या घरातली एखादी जुनी वस्तू किंवा एखादे जुने माणूस वाकडे चालू लागले, तर हसून सोडून देऊ नका. एकाने स्टिअरिंग हलवावे, दुसऱ्याने खाली जाऊन हात लावून पाहावे. मी तर काय, बोलू शकत नाही. माझ्यात आता बहिणीचा एक तुकडा आहे. दुपारी डोळा लागला की आम्ही दोघी अजून त्या बोटीवर असतो आणि मनसोक्त डुलतो. मग लूपे हाक मारते, आपेलू किल्ली फिरवतो आणि मी डाव्या बाजूने नीट निघते.