भाऊजी गप्प बसत नाहीत

माझे धाकटे दीर दारूतून सुटले ते एका पंथामुळे. हे मी कुणासमोरही कबूल करते. त्याआधी ते जिन्यात पडलेले असायचे, शेजारी त्यांना ओलांडून कामावर जायचे आणि आमचे हे त्यांना खांद्यावर टाकून वर आणायचे. मग त्या पंथाची माणसं रोज संध्याकाळी त्यांच्याजवळ येऊन बसायला लागली आणि हळूहळू माणूस पायावर उभा राहिला. फक्त उभा राहिला तो बोलायलाच लागला.

आमचं चष्म्यांचं दुकान आहे. डोळे मी तपासते, हे मागच्या खोलीत काचा घासतात आणि भाऊजी त्या फ्रेममध्ये बसवतात. हात फार हलका त्यांचा. पण गिऱ्हाइकाने यंत्रावर हनुवटी टेकली, की त्याला धड हलता येत नाही की बोलता येत नाही, आणि भाऊजी नेमके तेव्हाच मागे येऊन उभे राहायचे.

"काका, बाहेरचं दिसेल हो स्पष्ट. आतलं कधी बघणार?"

"भाऊजी, मला यांचा नंबर काढू द्या."

"काढा ना, वहिनी. मी कुठे अडवलंय?"

एक निवृत्त मास्तर तर तपासणी अर्धी टाकून उठले. "मी चष्मा बदलायला आलोय, देव नाही," असं म्हणून ते सरळ समोरच्या दुकानात गेले. मी यांच्याकडे तक्रार केली. "दारूपेक्षा बरं ना," हे म्हणाले. यांचं हे ठरलेलं उत्तर.

"दारू होती तेव्हा निदान निपचित पडायचे," मी म्हणाले. त्यावर यांनी काच घासायचं यंत्र सुरू केलं.

त्यातच माझी आई न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि ती आमच्याकडे आली. दिवसभर तिला उठवायला, बसवायला, वॉकर धरून चालवायला ताकदीचं माणूस हवं होतं. घरात तसे एकच होते. मी भाऊजींना स्वयंपाकघरात बोलावलं.

"आईला तुमच्या पंथाबद्दल अवाक्षर सांगायचं नाही. तिचा देव तिला पुरतो. शपथ घ्या."

भाऊजींचा चेहरा उतरला. "वहिनी, माणूस डोळ्यांदेखत बुडतोय आणि त्याला हाकही मारायची नाही?"

"ती बुडत नाहीये. तिचं हाड मोडलंय."

त्यांनी शपथ घेतली आणि ती पाळली, हे मात्र सांगायला हवं. आईला ते काचेसारखं जपायचे. वॉकरला धरून खिडकीपर्यंत न्यायचे, परत आणायचे, पायाखाली उशी ठेवायचे, आणि तोंड बंद. आठवड्याभराने मीच निवांत झाले. तेवढ्यात भाऊजी दुकानात आले. कान लाल झालेले.

"वहिनी, मला शपथेतून मोकळं करा. मावशी मला परत आणायला बघताहेत."

"कुठून परत?"

"माझ्या पंथातून. रोज सकाळी सुरू करतात. मला तर उत्तरही देता येत नाही."

मी तरातरा घरी गेले. आई वॉकर धरून उभी होती, चेहऱ्यावर चांगलं तेज आलं होतं.

"आई, त्यांच्या मागे का लागली आहेस?"

"तो पोटच्या पोरासारखं माझं करतो. तो चुकीच्या वाटेने चाललाय आणि मी बघत बसू?"

"त्यांना मी गप्प बसवलंय."

"मग? मला कुणी शपथ घातलीय?"

मी कपाळाला हात लावला. संध्याकाळी दोघांना समोर बसवून सांगितलं, काय वाद घालायचाय तो घाला, माझं डोकं खाऊ नका. त्या दिवसापासून आमच्या घराची सभा झाली. आई उभी राहून भांडायची आणि बोलता बोलता चालायची. फिजिओथेरपीवाली म्हणाली, प्रगती छान आहे, काय करता? काय सांगणार?

मग एका दुपारी जेवायला घरी आले तर सगळं शांत. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली, भाऊजी स्वयंपाकघरात स्टुलावर.

"काय झालं?"

"मावशींनी विचारलं, तुमच्या पंथात न आलेल्यांचं पुढे काय होतं. आमच्यात सांगतात ते मी सांगितलं. वाईट होतं म्हणून. मग त्या म्हणाल्या, तर आमचे हे कुठे आहेत?"

माझे वडील, आता ते नाहीत, छापखान्यात होते. भाऊजी दारूत असताना सगळे त्यांना टाळायचे. वडील मात्र कामावरून येता येता त्यांच्याकडे डोकावायचे, डबा ठेवायचे, बाजूला बसून वर्तमानपत्र वाचायचे. उपदेशाचा एक शब्दही त्यांनी कधी काढला नाही. पंथाची माणसं पुष्कळ नंतर आली.

"मग काय सांगितलंत?" माझा आवाज चढला होता.

"काहीच नाही. मला ते म्हणवेना."

"आता का? इतकी वर्षं लोकांच्या कानाशी बडबडताय, त्या लोकांना बाप नव्हते?"

त्यांनी चप्पल घातली आणि गेले. मी आईला उठवायला गेले तर तिने माझा हात झिडकारला. "तुला जमायचं नाही, पाडशील मला. तो येऊ दे." मला रडू यायला लागलं होतं आणि राग तर इतका आला होता, की कुणाचा ते धड कळत नव्हतं.

दिवेलागणीला भाऊजी परतले. थेट आईच्या खोलीत गेले, तिला अलगद उठवून बसवलं आणि खाली जमिनीवर बसले.

"मावशी, मी आमच्या ज्येष्ठांना विचारून आलो. त्यांनी तेच सांगितलं."

"बरं."

"मी म्हणालो, तुमचं चुकतंय. तुम्ही त्या माणसाला पाहिलेलं नाही."

"मग सोडणार का त्यांना?"

"नाही. मी आज माणसात आहे तो त्यांच्यामुळे. पण एवढं मी मानणार नाही."

"अर्धवट आहेस," आई म्हणाली आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवून तसाच राहू दिला. मी दारातून मागे सरले.

आई आता तिच्या घरी आहे, काठी घेऊन चालते. भाऊजी दर रविवारी पंथाची सभा आटोपून तिच्याकडे जातात आणि दोघं भांडतात. दुकानात ते बरेच गप्प असतात. मला वाटलं, संपलं एकदाचं.

परवा पंथाचे ते ज्येष्ठ दुकानात आले. सभ्य, म्हातारे गृहस्थ. मला वाटलं नंबर वाढला असेल. खुर्चीत बसले, घाम पुसला.

"ताई, तुमच्या दिरांना जरा समजवा. सभेत एकेकाला गाठतात. बाहेरची माणसंही चांगली असू शकतात, ती वाचलीच पाहिजेत, असं पटवत बसतात. कुणाला प्रार्थना करू देत नाहीत. आम्ही किती सांगितलं, ऐकतच नाहीत."

मागच्या खोलीत काच घासायचं यंत्र सुरू झालं.

"चहा घेणार?" मी विचारलं. दुसरं काय विचारणार होते?