डावीकडून येणारे

मेधानं टेप पुन्हा मागे घेतली. पडद्यावरची पडलेली पोरं उठून उलट्या पावली पळाली, चेंडू हवेतून माघारी येऊन मधल्या पोराच्या हातात बसला. तिनं बटण दाबून चित्र थांबवलं आणि पेन्सिल दातात धरून टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसली. थांबलेल्या चित्रावर दोन पांढरे पट्टे थरथरत होते. त्या पट्ट्यांच्या मधोमध बारा नंबरचा पोरगा उभा होता आणि डावीकडून दोन धिप्पाड गडी त्याच्या अंगावर येत होते.

तो पाहत होता समोर.

मागे चटईवर मालू कुशीवर वळली. मेधानं उठून तिच्या उजव्या डोळ्यावरची पट्टी सारखी केली, पंखा एका आकड्यानं कमी केला आणि परत येऊन कागदावर एक उभी रेघ ओढली.

बहरीनच्या जुफैर भागातलं ते ऑफिस दुपारी एक ते चार बंद असे. ब्रॅनिगनसाहेब जेवायला घरी जात, बाकीचेही पांगत. मेधा तिथं टायपिस्ट होती. तिचं घर बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत. तिथवर जाऊन यायचं तर अर्धी दुपार बसमध्येच जायची, आणि नवरा महादेव सित्राच्या तेलकारखान्यात शिफ्टवर, म्हणजे घरी पोरीला बघायला कोणी नाही. चार वर्षांची मालू त्यामुळे आईबरोबर ऑफिसातच असे. दुसऱ्या कुठल्या साहेबानं हे चालवून घेतलं नसतं. ब्रॅनिगनसाहेबांनी घेतलं, आणि दोन वर्षांत बदल्यात काही मागितलं नाही. सप्टेंबरात पहिल्यांदा मागितलं, ते हे काम.

त्यांचा मुलगा टॉड तिकडे अमेरिकेत कॉलेजच्या संघात होता. त्यांच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातानं फेकतात, आणि टॉड फेकणारा. साहेबांनी टेबलावर मधोमध स्टॅपलर ठेवला, त्याच्यापुढे पाच पेपरक्लिपा मांडल्या.

"हा स्टॅपलर म्हणजे टॉड. हे पाच जण त्याला राखणारे. समोरून बहुतेक वेळा चार जण येतात, तेवढे हे अडवतात. पण कधीकधी सहा येतात, सात येतात, एकदम. त्याला ब्लिट्झ म्हणायचं. ब्लिट्झ आला की एक रेघ. मग पुढे काय झालं ते लिही. नीट फेकला, वाया गेला, की टॉड खाली पडला."

"सर, मला तर हा खेळ कळत नाही."

"तेच बरंय. कळणाऱ्यांना जे बघायचं असतं तेच दिसतं. तू फक्त मोज."

मेधानं आपल्यापुरतं समजून घेतलं. कबड्डीत चढाई करणाऱ्यावर सगळा संघ तुटून पडावा तसं हे. फक्त इथं तो पोरगा पळत नाही, जागच्या जागी उभा राहतो, आणि फेकायचं, पळायचं की मार खायचा हे त्यानं तीन सेकंदांत ठरवायचं.

संघाला नवीन कोच आला होता. अंगावर माणसं आली की टॉड गांगरतो, असं त्याचं म्हणणं. "माझा मुलगा घाबरत नाही," साहेब म्हणाले होते. "हे मला कोचला आकड्यांत दाखवायचंय." मग दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "आवाज बंदच ठेव. त्याची गरज नाही."

मेधाला वाटलं, मालू झोपलेली असते म्हणून. खरं कारण तिला अकाउंटवाल्या इक्बालभाईंकडून कळलं.

"बायको काढते ना ती पिक्चर," इक्बालभाई चहा फुंकत म्हणाले. "हो, साहेबांचीच. फारकत होऊन सहा वर्षं झाली. टेप पाठवते पोराखातर, पण आत साधी चिठ्ठी नाही. आणि आमच्या साहेबांना तिचा आवाज सोसत नाही. काय समजली?"

टेप पोचायला दोन-तीन आठवडे लागत. याचं मेधाला सुरुवातीला काहीच वाटलं नव्हतं. आता तेच सगळ्यात जास्त छळत होतं. आज ती ज्याला पडताना बघत होती, तो कधीच पडून गेला होता. त्यानंतर आणखी किती वेळा पडला, हे अजून वाटेत होतं.

गेल्या आठवड्यात तिनं पहिला तक्ता टाइप करून दिला. पाच मॅच, एकेचाळीस ब्लिट्झ. पंधरा वेळा नीट फेकला, नऊ वेळा वाया, सतरा वेळा खाली. साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि परत तिच्या टेबलावर ठेवला.

"पुन्हा मोज."

पुन्हा मोजायचं म्हणून तिनं रेघा दोन रकान्यांत पाडल्या, चूक सापडावी एवढ्यासाठी. उजवीकडून आलेले बावीस. त्यातले चौदा नीट. पोरगा अंगावर माणूस येईपर्यंत थांबायचा आणि असा काही फेकायचा की मेधासुद्धा नकळत मान डोलवायची. घाबरट नव्हताच तो. डावीकडून आलेले एकोणीस. नीट एक. आणि खाली पडला तेरा वेळा.

रकाने झाल्यावर मग दुसरं दिसलं. चेंडू हातात येण्याआधी टॉड हनुवटी पार डाव्या खांद्यापर्यंत नेई, बघे, आणि मान परत समोर आणी. उजवीकडे बघायला त्याला मान वळवावी लागत नव्हती.

असं कोण करतं ते मेधाला ठाऊक होतं. डाव्या हाताला ठेवलेला पेला घेताना मालू अशीच करायची. तिच्या डाव्या डोळ्यात जन्मापासून मोतीबिंदू होता आणि हे आईबापाला तिसऱ्या वर्षापर्यंत कळलं नव्हतं. तोवर ती दाराला धडकायची, दूध सांडायची, आणि दोघं तिला वेंधळी म्हणायचे. महादेवनं एकदा पाठीत धपाटाही घातला होता. ऑपरेशन झालं, आता चांगला डोळा रोज चार तास झाकून दुसऱ्याला कामाला लावायचं चाललं होतं. पण ते धडकणं मेधा विसरली नव्हती. प्रत्येक धडकेचा आवाज तिच्या कानात होता.

सकाळी महादेव डबा पिशवीत घालत होता तेव्हा तिनं सांगितलं.

"तुला डाक्टर कुणी केलं?" तो म्हणाला. "मोजाय सांगितलंय ना, मोजून दे. मोकळी हो."

"आणि त्याला लागलं म्हणजे?"

"लागलं तर तिकडं लागंल. तू हितं बसून काय करणार? साहेबाच्या घरच्या भानगडीत पडू नगंस, मेधा. उद्या खलास म्हणाला तर पोरीला घिऊन कुठं बसशील?"

महादेव जिना उतरला, आणि चार पायऱ्यांवरून परत वर आला.

"किती वर्साचं हाय ते पोरगं?"

"वीस."

त्यानं दाराच्या चौकटीवर उगाच हात फिरवला. "इंशाल्ला काय व्हत नाही," म्हणाला आणि गेला.

त्या दुपारी मालू झोपल्यावर मेधानं पहिल्यांदा आवाज लावला. अगदी बारीक, कान टीव्हीला टेकवून. तिला फक्त खात्री करायची होती. कोणी काही बोलत असेल, मुलाला काही झाल्याचं, किंवा काहीच न झाल्याचं.

आधी नुसता वारा. लांबून बँड. मग एक बाई इतक्या जवळून बोलली की मेधानं मान मागे घेतली. ती ओरडत नव्हती. एवढ्या लांबून त्याला ऐकू जाणारच नव्हतं. कॅमेरा डोळ्याला लावून ती आपल्याशीच बोलत होती.

"डावीकडे, बाळा. डावीकडे बघ."

मेधानं टेप पुढे नेली. ब्लिट्झ उजवीकडून आला, बाई गप्प. पुन्हा उजवीकडून, गप्प. मग डावीकडून एक जण सुटला, आणि पुन्हा तेच, घाईनं, श्वासातल्या श्वासात. पोरगा पडला. चित्र कलंडलं, गवत दिसलं, कोणाच्या तरी चपला दिसल्या. बाई म्हणाली, "त्याला दिसलाच नाही तो." आणि मग बराच वेळ नुसता तिचा श्वास.

मेधानं बाकीच्या टेपा काढल्या. सप्टेंबरातली पहिली लावली. तिच्यातही होतं.

म्हणजे आईला माहीत होतं. पोराला तर असणारच. दोघांनी मिळून लपवलं होतं, आणि बाप इथं समुद्रापलीकडे बसून आकडे गोळा करत होता, पोराला मैदानात ठेवावं म्हणून. सांगायचं म्हणजे जिला कधी पाहिलं नाही त्या बाईची चहाडी करायची. न सांगायचं म्हणजे तक्ता द्यायचा आणि शनिवारची मॅच होऊ द्यायची. मेधानं टाइपरायटरमध्ये कागद घातला. दोनदा चुकला म्हणून काढून टाकला. तिसऱ्यांदा दोन्ही रकाने टाइप केले.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, साहेब साडेतीनलाच आले. कागद घेऊन उभ्याउभ्याच वाचू लागले.

"हे दोन रकाने मी सांगितले नव्हते."

"नाही सर."

ते हसले. चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी उजवा हात मागे नेला आणि चेंडू फेकायच्या पवित्र्यात उभे राहिले. एके काळी ते स्वतः खेळलेले होते, पोट सुटलं तरी पाय बरोबर जागेवर पडले.

"हे बघ. उजव्या हातानं फेकणारा असा उभा राहतो. त्याची पाठ डावीकडेच येते. डावीकडून येणारा कोणालाच लवकर दिसत नाही. सगळ्यांचंच असतं हे. तुला माहीत नाही म्हणून तुला नवल वाटलं."

मेधाला एकदम हलकं वाटलं. इतकं सोपं होतं तर. तिला खेळ कळत नव्हता एवढंच. आता हो म्हणायचं, रकाने खोडायचे, मालूला उठवून तोंड धुवायचं.

"पण सर, चेंडू यायच्या आधीच तो मान वळवतो. पाठ व्हायच्या आधी. आणि..." पुढचं इंग्रजी तिला सुचेना. ती उठली आणि टीव्हीपाशी गेली.

"आवाज नको," साहेब म्हणाले.

"एकच मिनिट, सर."

दोन वर्षांत तिनं त्यांचं ऐकलं नाही असं पहिल्यांदाच झालं. घाईत बटण जास्त फिरलं आणि आवाज हवा त्यापेक्षा मोठा झाला. वारा खोलीभर झाला. मालू दचकून उठून बसली. साहेब दोन पावलं पुढे आले, बटणाकडे हात नेला, आणि तेवढ्यात ती बाई बोलली.

"डावीकडे, बाळा."

साहेबांचा हात तिथंच राहिला. पोरगा पडला. पुढचा खेळ उजवीकडून, बाई गप्प. त्याच्या पुढचाही. मग पुन्हा, "डावीकडे बघ, डावीकडे." साहेब आता चेंडूकडे बघत नव्हते. मुलाच्या मानेकडे बघत होते. गवत आलं, चपला आल्या. त्याला दिसलाच नाही तो, हे ऐकून त्यांनी टीव्हीच बंद केला.

"ही कधीची?"

"बारा ऑक्टोबरची."

"आज सहा नोव्हेंबर." त्यांनी बोटांवर मोजलं. "मधे तीन झाल्या."

मेधानं मालूला जवळ ओढून घेतलं. आता हा माणूस आपल्याला जा म्हणणार, असं तिला वाटलं, आणि पिशवी कुठे आहे ते तिनं नजरेनं शोधून ठेवलं. पण साहेब टेबलापाशी बसले. फोन पुढे ओढला आणि वही न उघडता एक लांबलचक नंबर फिरवला. घंटा वाजू लागली तसा त्यांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला, आणि मग तिच्यापुढे केला.

"माझा आवाज ऐकला की ती ठेवून देते."

मेधानं तळहात साडीला पुसला. रिसीव्हर जड होता, त्यांच्या हातानं गरम झालेला. काय बोलायचं याचं इंग्रजी शोधायला गेली तर मनात नुसती रोजची टाइप केलेली वाक्यं येत होती, आपल्या अमुक तारखेच्या पत्रास अनुसरून. तिकडे सकाळचे साडेसात. घंटा थांबली.

"हॅलो?"

तीच होती. वारा नव्हता आणि बँड नव्हता, म्हणून किती साधा वाटला तो आवाज.

"मॅडम," मेधा म्हणाली, "टॉडला डाव्या डोळ्यानं कधीपासून दिसत नाही?"

आता खट् होईल, असं धरून ती थांबली. झालं नाही.

"कोण बोलतंय?"

मेधाला आपलं नाव सांगावंसं वाटलं, पण त्या बाईला त्याचा काय उपयोग.

"मी तुमच्या टेपा बघते," ती म्हणाली.

पलीकडे बाईनं श्वास घेतला. तो श्वास मेधाच्या ओळखीचा होता.

"ऑगस्टपासून," ती म्हणाली. "सरावात कोणाचं तरी बोट डोळ्यात गेलं. कोणाला सांगू नको म्हणाला. मला शपथ घातली." मग, "त्याचा बाप आहे तिथं?"

मेधानं साहेबांकडे पाहिलं. ते पेपरक्लिपांच्या डबीत बोट घालून बसले होते, आणि तिच्या तोंडाकडे बघत होते.

"आहेत," ती म्हणाली, आणि रिसीव्हर त्यांच्यापुढे धरला.

साहेबांनी तो घेतला. कानाला लावला, आणि म्हणाले, "मी आहे." पलीकडून फोन ठेवला गेला नाही.