समोरच्यांची शिडी

धाकटा लहानपणी दूध प्यायचा नाही. चुलतभावाच्या हातात पेला दिसला, की मात्र तोच पेला हवा म्हणून जमिनीवर लोळण घ्यायचा. दूध तेच, पेलाही घरातलाच. फक्त तो दुसऱ्याच्या तोंडाजवळ गेलेला असायला हवा. आता त्याने चाळिशी ओलांडली होती, कपाळ टाळूपर्यंत पोचलं होतं, तो कंपनीचा मॅनेजिंग डायरेक्टर झाला होता आणि लोळण घ्यायला त्याला गालिचा घातलेली कॉन्फरन्स रूम मिळाली होती. थोरल्या बहिणीला यापलीकडे त्याच्यात काही फरक दिसत नव्हता.

कंपनी घडीच्या शिड्यांची, वडिलांनी उभी केलेली. वडील गेल्यावर आई अध्यक्ष झाली, धाकटा कारभार बघू लागला, आणि वडिलांच्या हाताखाली तयार झालेली थोरली डिझाइन विभाग झाली. विभागात माणूस ती एकटीच. चुलतभाऊ याच कारखान्यात कामाला लागला, इथेच सगळं शिकला आणि शिकून झाल्यावर रस्त्यापलीकडे स्वतःचा कारखाना थाटून बसला. तेव्हापासून दोन्ही कारखाने एकमेकांकडे तोंड करून उभे होते आणि दोघांचीही गिऱ्हाइकाकडे पाठ होती.

दर सोमवारी चिरफाड असायची. हे नाव थोरलीचं; धाकटा तिला ‘स्पर्धक अभ्यास’ म्हणायचा. विक्रीप्रमुख आठवडाभर बाजारात हिंडून समोरच्यांचा माल विकत आणायचा. ती शिडी टेबलावर आडवी पडायची, स्क्रू निघायचे, दांडे मोजले जायचे, पायऱ्या वाकवून बघितल्या जायच्या, आणि शेवटी तीच शिडी जरा पातळ पत्र्याची कशी काढता येईल यावर एकमत व्हायचं. पलीकडे चुलतभावाच्या टेबलावर त्याच वेळी यांची शिडी आडवी पडलेली असायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याची लाज कुणालाच वाटत नव्हती.

गेल्या वर्षी या तमाशात एक सल्लागार येऊन दाखल झाला. या गृहस्थाने जन्मात कधी शिडीवर पाय ठेवला नसावा. पण ‘स्पर्धात्मक फायदा’ हे दोन शब्द तो असे काही उच्चारायचा, की धाकट्याचे डोळे आपोआप मिटायचे. देवळातही ते कधी मिटले नव्हते.

एका सोमवारी सल्लागाराने समोरच्यांच्या सगळ्यात खपाच्या शिडीच्या डाव्या दांड्यात बोट घातलं.

“हे भोक बघा,” तो म्हणाला. “फक्त डावीकडे. उजवीकडे नाही. का?”

सगळे भोकाकडे बघत राहिले.

“ताण! सगळा ताण एका बाजूने बाहेर काढलाय. शिवाय वजनही कमी. याला म्हणतात टिकाऊ स्पर्धात्मक फायदा. वर्षानुवर्षं ते हे भोक पाडतायत आणि आपल्याला पत्ताच नाही.”

“वा!” विक्रीप्रमुख म्हणाला. त्याला पगार बहुधा त्या एका शब्दाचाच मिळत असावा.

“ते भोक आपलं आहे,” थोरली म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

“मी इथे लागले तेव्हाचं. तिथे बादली अडकवायचा आकडा बसायचा. एकदा बादली रंगाऱ्याच्या डोक्यात पडली, म्हणून बाबांनी आकडा काढून टाकला. भोक पाडायचा साचा तेवढा राहून गेला. त्याच वर्षी समोरच्यांनी आपली शिडी उचलली, भोकासकट. पुढे आपण साचा बदलला. त्यांना बदलायचं कळलंच नाही.”

धाकट्याने सल्लागाराकडे बघून ओशाळं हसू काढलं. “ताई ना, कायम जुनं उकरत बसते. सर, आपल्याला लवकरात लवकर भोक कधी पाडता येईल?”

महिन्याभरात कंपनीच्या सगळ्या शिड्यांना डावीकडे भोक पडलं. ‘आता ताणमुक्त तंत्रासह’ अशी जाहिरातही झळकली. थोरलीने कपाळाला हात लावला आणि आपल्या केबिनचं दार लावून घेतलं.

त्या केबिनमध्ये दाराआड तिची स्वतःची शिडी उभी होती. तीनच पायऱ्यांची, ठेंगणी. आई माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढली होती आणि कंबर मोडून घेऊन खाली आली होती. शिड्यांच्या कंपनीची अध्यक्ष, आणि घरात चढायला स्टूल! त्या दिवसापासून थोरलीला दुसरं काही सुचलं नव्हतं. या शिडीच्या पायऱ्या पाऊल अख्खं मावेल एवढ्या रुंद होत्या. शिडी उघडली की कमरेएवढा कठडा आपोआप वर यायचा. चढणाऱ्याच्या वजनानेच शिडीचे पाय जागच्या जागी घट्ट अडकायचे आणि वरच्या पायरीवर दमलं तर बसताही यायचं. आईने ती वापरून बघितली होती, माळ्यावरून सगळे डबे उगाचच खाली काढले होते आणि पुन्हा वर ठेवले होते.

थोरलीने ती शिडी दोनदा बैठकीत मांडली. पहिल्या वेळी विक्रीप्रमुखाने विचारलं, “समोरच्यांकडे अशी आहे का?” नाही म्हटल्यावर त्याने वही मिटली. दुसऱ्या वेळी सल्लागार म्हणाला की बाजारात जे नाही त्याला मागणी नसते, असती तर ते बाजारात असतं. या वाक्यावर धाकट्याने टाळी दिली. थोरलीला वाटलं, या तिघांना एकेक करून स्टुलावर चढवावं आणि हळूच स्टूल काढून घ्यावं.

मग तिने न करावं ते केलं. रस्ता ओलांडून चुलतभावाकडे गेली. त्याने शिडी उघडली, मिटली, पुन्हा उघडली, कठड्यावरून हात फिरवला. त्याला वस्तू कळत होती. म्हणूनच त्याचा जास्त राग आला.

“झकास आहे गं ताई,” तो म्हणाला. “पण आधी तुमच्याकडून निघू दे ना. खपली तर आम्ही आहोतच.”

त्या संध्याकाळी ती आईसमोर जाऊन बसली. “आई, ही शिडी निघाली नाही तर मी जाते. दुसऱ्या गावात, दुसऱ्या कामात. या घरातली माणसं मला आता बघवत नाहीत.”

ती बोलायची म्हणून बोलली नव्हती, हे आईला कळलं. आईने चष्मा काढून पुसला, तसा तो स्वच्छच होता.

“त्याला दूध कसं पाजायचो आपण, आठवतं का?” आईने विचारलं.

थोरलीला हसू फुटलं. कितीतरी महिन्यांनी.

गोदामात समोरच्यांच्या चिरफाड झालेल्या शिड्यांचा ढीग होता. एकीवरचं त्यांच्या नावाचं लाल स्टिकर तिने अलगद सोडवून घेतलं, आपल्या शिडीच्या दांड्यावर चिकटवलं, आणि सोमवारी सकाळी ती शिडी विक्रीप्रमुखाच्या आठवड्याच्या मालात नेऊन ठेवली. बाकी काही करायची गरजच नव्हती. माणसं आपापली कामं चोख करतात, मूर्खपणाची तर फारच.

विक्रीप्रमुखाने मालावरची चादर ओढली आणि क्षणभर त्याचा चेहरा कोरा झाला. ही शिडी आपण आणलेली नाही, हे त्याला कळलं असणार. पण धाकट्याने “हे काय नवीन?” म्हणून विचारलं, तसा तो सावरून बसला.

“साहेब, कशी मिळवली ते विचारू नका,” तो म्हणाला. “बाजारात अजून यायचीय. जिवावर उदार होऊन आणलीय.”

“वा!” या वेळी सल्लागार म्हणाला. तो टेबलाभोवती फिरला, कठडा वर-खाली केला, पायरीवर तळवा ठेवला. मग डाव्या दांड्यापाशी येऊन थबकला. “आणि बघा! भोक काढून टाकलं!”

“अरे बापरे,” धाकटा म्हणाला.

“स्वतःचाच फायदा स्वतः मोडीत काढला. याला हिंमत लागते. यामागे मोठं डोकं आहे.”

धाकटा शिडीवर चढला, वरच्या पायरीवर बसला आणि तिथूनच त्याने हुकूम सोडला. बाकी सगळी कामं बाजूला. समोरच्यांच्या आधी ही शिडी दुकानात गेली पाहिजे. ताईने मापं घ्यावीत.

“मापं आहेत माझ्याकडे,” थोरली म्हणाली. “हीच शिडी मी दोनदा दाखवली होती.”

“तुझी साधारण अशी होती,” धाकटा समजूत घालत म्हणाला. “पण फिनिशिंग बघ ना. शीक काहीतरी यातून.”

तिने शब्द गिळले. आता खरं सांगितलं असतं तर तासाभरात शिडी पुन्हा दाराआड गेली असती. शिडी निघायला हवी होती, एवढं एकच तिने मनाशी धरून ठेवलं.

पण धाकट्याचं संपलं नव्हतं. “आणि ज्याने ही काढली ना, तो माणूस फोडा. मागेल ते द्या. ताई, तुझी केबिन त्याला लागेल. तू तशी कुठेही बसू शकतेस.”

वडिलांनी तिला दिलेली ती केबिन होती. खिडकीखाली त्यांच्याच हातची टेकू दिलेली फळी होती, तिच्यावर थोरलीच्या पहिल्या शिडीचा छोटा नमुना अजून ठेवलेला होता. थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचा तिला भयंकर राग आला. या माणसांसमोर रडणं म्हणजे त्यांना फुकटचा मान देणं. तिने आईकडे बघितलं. आज मुद्दाम बैठकीला आलेली आई टेबलाच्या टोकाला बसून समोरचा कागद सरळ करत होती.

“मी ओळखते त्या माणसाला,” थोरली म्हणाली.

“तू? मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

“तू विचारलंस का कधी?”

“येईल तो?”

“त्याच्या अटी असतील.”

“असू देत. एवढं डोकं असल्यावर असणारच अटी.”

दुसऱ्या दिवशी तिने अटी सांगितल्या. त्याच्या नकाशात त्याच्या सहीशिवाय कुणी रेघही बदलायची नाही. तो रुजू झाल्यापासून प्रत्येक शिडीवर त्याचं नाव कोरायचं. सोमवारच्या चिरफाडीला तो येणार नाही. सल्लागाराने त्याच्या केबिनचा उंबरा ओलांडायचा नाही. यातली एकेक गोष्ट थोरलीने गेली कित्येक वर्षं मागितली होती आणि दर वेळी तिला ‘बघू’ हे उत्तर मिळालं होतं. धाकट्याने सगळ्याला एका दमात मान डोलावली. सल्लागार तर खूशच झाला. आपल्याला कुणीतरी एवढं घाबरतं, असा त्याने त्याचा अर्थ लावला.

“नेमणुकीच्या पत्रात नाव नको,” धाकट्यानेच सुचवलं. “समोरच्यांचे कान लांब आहेत. नुसतं लिहू, ‘ही शिडी ज्यांनी तयार केली त्या व्यक्तीस मुख्य डिझायनर नेमण्यात येत आहे’. कळणारही नाही कुणाला. याला म्हणतात स्ट्रॅटेजी.”

“खरंच,” थोरली म्हणाली. “हे मला सुचलं नसतं.”

खाली धाकट्याची सही झाली, शेजारी आईची. आईने सही करताना पेन जरा जास्तच दाबलं.

शिडी निघाली. पहिला माल दुकानातून बघता बघता उठला. म्हाताऱ्या माणसांनी नेली, गरोदर बायकांनी नेली, एका वाचनालयाने तर थेट कारखान्यात माणूस पाठवला. समोर चुलतभावाच्या कारखान्यातही हीच शिडी टेबलावर आडवी झाली म्हणे. धाकटा एका सभेत भाषण करून आला, विषय होता ‘पुढे राहण्याची कला’. घरी येऊन त्याने ते भाषण आईला पुन्हा म्हणून दाखवलं. आईला ऐकता ऐकता झोप लागली.

आणि मग नवा माणूस रुजू व्हायचा दिवस उजाडला.

थोरलीची केबिन रंगवून तयार होती. तिची खोकी जिन्याखाली होती. धाकटा नवा कोट घालून फाटकाशी उभा होता, हातात सेलोफेनमध्ये गुंडाळलेला भलामोठा गुच्छ. त्याच्या मागे सल्लागार, सल्लागाराच्या मागे विक्रीप्रमुख, आणि त्याच्या मागे हात बांधून उभा असलेला अख्खा कारखाना. वरच्या खिडकीत आई खुर्ची ओढून बसली होती.

थोरली रस्त्याच्या बाजूने चालत आली. रोज येते तशीच, खांद्याला तीच पिशवी. फरक इतकाच, की आज तिच्या हातात नेमणुकीचं पत्र होतं. ती फाटकात येऊन धाकट्याच्या बरोबर समोर उभी राहिली आणि पत्र उघडून तिने त्याच्यापुढे धरलं.

धाकट्याने पत्राकडे बघितलंही नाही. तिच्या खांद्यावरून त्याची नजर रस्त्याच्या टोकाला लागली होती.

“ताई, बाजूला हो ना गं जरा,” तो म्हणाला. “ते येतील एवढ्यात. तू मध्ये उभी राहिलीस तर दिसायचे कसे मला?”

वरच्या खिडकीतून आईच्या हसण्याचा आवाज आला. थोरलीने पत्र घडी करून पिशवीत ठेवलं, धाकट्याच्या हातातून गुच्छ काढून घेतला आणि ती आपल्या केबिनकडे निघाली. कामगारांनी तिला वाट करून दिली, त्यातल्या एकाने जिन्याखालचं खोकं उचललं आणि तिच्यामागून चालू लागला.

धाकटा रिकामे हात पुढे धरून रस्त्याकडे बघत उभाच होता.