सत्यवती कुबल यांचे सहा निबंध

मे २००३. पितळी ताटात तांदूळ. नवरामुलगा सोन्याच्या अंगठीने त्यात तीन अक्षरं ओढतो: सलोनी. बायका हसतात.

जानेवारी २००१. देवगड बंदरावर मासे कापणाऱ्या एका बाईचा अंगठा सुजून वांग्यासारखा झालाय. माशाचा काटा टोचला, एवढंच निमित्त. एक तरुणी तो हात तपासते आहे.

डिसेंबर २००८. पुण्यातली एक संशोधन संस्था. लांब टेबल, चार माणसं, एक छापील यादी.

तिन्ही ठिकाणी एकच बाई आहे.

देवगडच्या मासे विकणाऱ्या घरातली सत्यवती कुबल जंतूंच्या अभ्यासाकडे वळली ती लहानपणापासून पाहिलेल्या अशा सुजलेल्या हातांमुळे. खाऱ्या पाण्यातले जंतू जखमेत शिरले की नेहमीच्या गोळ्या पुरत नाहीत, हे तिने बंदरावरच्या बायकांचे हात तपासून दाखवलं. लग्नापर्यंत सहा निबंध छापून आले. दुसऱ्या कुणी शास्त्रज्ञाने आपल्या लेखात त्यांचा आधार घेतला की एक उल्लेख मोजतात. सत्यवती कुबल यांचे उल्लेख पुढे एकशे त्रेचाळीसवर गेले. त्या बाई तोवर कागदावर उरल्या नव्हत्या.

मालवणच्या मेतरांकडे स्थळ जमलं तेव्हा सासूबाईंना, आनंदीबाईंना, मुलगी पसंत पडली होती, नाव नाही. सत्यवती म्हणजे म्हातारीचं नाव. शिवाय नव्या सुनेला नवं नाव हा घरचा रिवाज. सत्यवतीलाही गोष्ट लहान वाटली. तिने मान डोलावली. नवरा रविराज भला माणूस, राजपत्रापासून पासपोर्टपर्यंत सगळीकडे त्याने बदल नीट करून आणला. मित्रांना सांगायचा, "एका लग्नात दोन बायलो गावल्यो माका."

सलोनी मेतर या नावाने पुढे दोन निबंध. उल्लेख चार.

पुण्याच्या संस्थेने नावावरून काढलेल्या यादीत तेवढंच होतं. शास्त्रज्ञाची जागा होती, सोबत प्रयोगशाळा. वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची खेप. समितीतल्या एका गृहस्थांनी निबंध चाळले आणि चष्मा वर केला.

"पद्धत सगळी या कुबलबाईंची दिसते. तक्तासुद्धा त्यांचाच. त्यांची परवानगी घेतली होती?"

"त्या मीच."

तिने राजपत्राची प्रत पुढे केली. चौघांनी ती वाचली. एकाने माफीही मागितली. पण छाननीचे गुण यादीवरून आधीच ठरले होते, आता त्यांच्या हातात काही नव्हतं. जागा दुसऱ्याला गेली.

घरी तिने एवढंच सांगितलं की झालं नाही. आनंदीबाईंनी देवापुढे नारळ ठेवला होता, तो फोडून सोलकढी केली.

मे २००९. धाकट्या दिराचं, सुदेशचं लग्न. नवरी संजना, सरकारी दवाखान्यात परिचारिका. वरात दारात आली. माजघरात ताट आलं. थोरल्या जावेने तांदूळ सारखे करायचे, अशी रीत. आनंदीबाईंनी नाव ठरवलं होतं: समृद्धी. सुदेशच्या हातात अंगठी होती.

तिने तांदूळ सारखे केले. ताट मात्र खाली ठेवलं नाही.

"संजना, तुका ह्यां नाव व्हया?"

रविराजने तिच्या कोपराला हात लावला. आनंदीबाई म्हणाल्या, "ह्यां काय नवीन? तुझा नाव बदललां म्हणान तू उपाशी मेलंस?"

"उपाशी नाय मेलंय, आई. पण सा निबंध लिवलंय, आणि पुण्यात माकाच इचारल्यानी, तुम्ही ह्या बाईचा चोरल्यात काय?"

यातलं किती आनंदीबाईंना कळलं, सांगता येत नाही. चोरी हा शब्द कळला. "माज्या सुनेक चोर म्हटल्यानी?" एवढं त्या पुटपुटल्या, आणि लगेच आठवल्यासारखं म्हणाल्या, "मगे तेका नाव काय करतला? लिही रे सुदेशा."

सुदेश आईकडे बघत होता. संजनाने त्याच्या हातातली अंगठी घेतली. "माज्या नर्सिंगच्या रजिस्टरार संजना आसा," ती म्हणाली, "तांच ऱ्हवांदे." आणि तिने स्वतःच लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

दोन आत्या जेवायला न थांबता गेल्या. आनंदीबाई चार दिवस थोरल्या सुनेशी बोलल्या नाहीत.

त्या आठवड्यात तिने आपले आठ निबंध छापणाऱ्या आठही नियतकालिकांना पत्रं लिहिली: हे निबंध एकाच बाईचे आहेत, तशी नोंद छापावी. खाली सही केली सत्यवती कुबल. तिघांनी छापली, बाकीच्यांनी उत्तर दिलं नाही. वाचकहो, तुमच्या माजघरातलं ताट कुणाच्या हातात असतं?

जून २००४ मध्ये सत्यवती कुबल यांच्या नावाचं एका परदेशी विद्यापीठाचं पाकीट देवगडहून फिरत मालवणच्या घरी आलं होतं. या नावाचं इथे कुणी राहत नाही, असं सांगून आनंदीबाईंनी ते पोस्टमनकडे परत दिलं.