ओझ्याचा दोर

मुनीरने दोराचा पीळ उलटा फिरवून पेड फाकवले आणि फटीत नाक घातलं. घातलं तसंच झटक्यात मागे घेतलं. आत उंदीर मरून कुजल्यासारखी घाण मारत होती, आणि बोटांना काळपट, ओलसर भुगा चिकटला होता. बाहेरून मात्र दोर पिवळाधमक, कालच कारखान्यातून आल्यासारखा. वरून जवसाच्या तेलाचा हात फिरवलेला. म्हातारीने केसांना कलप लावून नवरी व्हावं, तशी गत.

"माल फर्स्टक्लास आहे," अहमदचाचा खुर्चीत बसूनच म्हणाले. "साहेबाला सांग आणि खलास कर."

मुनीरचे अब्बा हर्णैचे जुने तांडेल. दोर डोळ्यांनी नाही, नाकाने विकत घ्यायचा, हे त्यांनी पोराला गलबतावरच शिकवलं होतं. त्यामुळे इथे रास अल खैमाच्या डोंगराखाली, तेल शोधणाऱ्या गोऱ्या साहेबांच्या कॅम्पात स्टोअरकीपर झाल्यावरही त्याची सवय सुटली नव्हती. हा दोर गलबताच्या नांगराचा होता, दहा वर्षं खाऱ्या पाण्यात पिचलेला. गोड्या पाण्यात धुऊन, वाळवून, नटवून चाचांनी तो दुबईहून पिकअपमध्ये घालून आणला होता.

कॅम्पामागचा कडा सरळ उभा होता, बकरीलाही पाय टेकायला जागा नाही असा. हार्ली साहेब आणि त्याचे दोन साथीदार तो चढून वर मोजणीची यंत्रं लावणार होते. त्यांच्या स्वतःच्या अंगाला बांधायला विलायतेहून नायलॉनचे दोर आले होते. पण ओझं ओढायला नायलॉन कामाचा नाही, असं साहेबाचं म्हणणं. तो रबरासारखा ताणतो, मग ओझं वर-खाली हिंदकळतं आणि दोर कपारीवर घासून कापला जातो. ओझ्याला न ताणणारा, जाडजूड मनिला दोर हवा. तो निवडायचं काम मुनीरचं.

आणि ओझं म्हणजे काय, तर पाण्याचे डबे, तंबू, पेट्या आणि सगळ्यांत शेवटी मुनीर. अर्ध्या कड्यावरच्या कपारीत सामान सांभाळायला माणूस हवा होता. हे साहेबाने सकाळी चहा पिता पिता सांगितलं होतं. कॅनव्हासच्या झोळीत बसायचं आणि कप्पीवरून वर जायचं. मुनीर हो म्हणाला. नाही म्हणून सांगतो कुणाला?

चाचांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते हव्वाबीचाचींनी पाठवलेल्या सांदणांचा डबा उघडून आरामात खात बसले होते. दोर हाताळलेल्या त्याच हाताने. मुनीरलाही त्यांनी आग्रह केला. त्याने दोनदा साबणाने हात धुतले, तरी बोटांचा वास जाईना. सांदण तोंडाशी नेलं आणि परत ठेवलं.

"चाचा, हा दोर सडलाय."

चाचा हसले. जमातीत त्यांच्या शब्दाला वजन, मशिदीत नमाजाची पहिली सफ, पहिली रांग त्यांची. मुनीरला लाँचमध्ये बसवून इथे आणलं ते त्यांनीच, साहेबाच्या पुढे उभं केलं तेही त्यांनीच. त्यांचा इद्रीस याच कॅम्पाच्या ऑफिसात टायपिस्ट होता, आणि इद्रीसशी मुनीरच्या बहिणीची, शहनाझची सोयरीक ठरलेली होती. हर्णैत घरोघर साखरही वाटून झाली होती. आता मोडली तर पोरीचंच नाव खराब होणार. तेव्हा मुनीर दोर परत करण्याआधी दहादा विचार करील, हे चाचा पक्कं ओळखून होते. त्यांनी समजावणीच्या सुरात सांगितलं, की बाबा, व्यवहारात इतकं खोल नाक घालू नये, घरातल्या माणसाची लाज घरातच राखावी. आणि ओझंच तर ओढायचंय. तुटला तर फुटतील साहेबाचे चार डबे.

"ओझ्याबरोबर माणूस पण जाणार आहे," मुनीर म्हणाला.

चाचांचा हात डब्यातच थांबला. चेहरा एकदम उतरला.

"कोण? आपला इद्रीस तर नाही ना?"

"नाही."

"अल्हमदुलिल्ला." त्यांनी सांदणाचा तुकडा मोडला. "मग तू कशाला जिवाला लावून घेतोस? इन्शाल्ला काही होत नाही."

मुनीर त्यांच्या चघळणाऱ्या तोंडाकडे बघत राहिला. मीच जाणार आहे, हे शब्द त्याच्या जिभेवर आले होते, पण जीभ रेटेना. दोर सडका आहे, एवढं पुरे व्हायला नको का? वर लटकणाऱ्याचं नाव, गाव, खानदान सांगितल्याशिवाय या माणसाला घास कडू लागणारच नाही का? छी. याला आपण लहानपणापासून वाकून सलाम केला. याच्या घरात बहीण द्यायला निघालो.

तेवढ्यात हार्ली साहेब स्टोअरच्या तंबूत डोकावला. दोर मिळाला का, असं त्याने विचारलं, मुनीरच्या खांद्यावर थाप मारली आणि मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, "सुबह ऊपर जायेगा, मुनीर. डरना नहीं." आणि निघून गेला.

चाचा खुर्चीतून उठून उभेच राहिले. "तू? तू जाणार आहेस?"

मुनीरने मान डोलावली.

"मग अगोदर नाही का बोलायचं, वेड्या? कमाल करतोस!" असं म्हणत ते लगबगीने पिकअपकडे गेले, ताडपत्री उचलली आणि खालून दुसरा दोर खांद्यावर टाकून धापा टाकत आले. "हा घे. एका लाँचवाल्यासाठी नेत होतो. पण तू घरचा माणूस. त्याला तो आधीचा देईन."

मुनीरने या दोराचाही पीळ फाकवला. आत सुक्या गवताचा स्वच्छ वास होता. ओढून पाहिला, वाकवून पाहिला. दोर अस्सल होता. हाच साहेबाला हवा होता. त्याने तो उचलून स्टोअरच्या फळीवर ठेवला. मग तंबूच्या मेखा ठोकायची कुऱ्हाड घेतली आणि जमिनीवर पडलेल्या सडक्या दोराचे हात-हातभर तुकडे करायला लागला. चाचा आधी 'अरे अरे' म्हणाले, मग कसनुसे हसले. म्हणाले, काढ राग, काढ, जवान रक्त आहे, मी नुकसान सोसतो. शेवटचा तुकडा पडेपर्यंत मुनीर थांबला नाही. कुजका भुगा उडून त्याच्या सदऱ्यावर बसला.

"चाचा," तो कुऱ्हाड खाली ठेवत म्हणाला, "शहनाझची सोयरीक मोडली समजा. अब्बांना मी कळवतो."

चाचांनी आधी ऐकलंच नाही असं केलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की पोरगा चेष्टा करत नाहीये. ते फळीवरच्या दोराकडे बघत राहिले, मग मुनीरकडे. काय चुकलं, ते त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

"अरे, पण चांगला दोर दिला ना तुला?"

"दिलात," मुनीर म्हणाला. "मला दिलात."