चार थेंबांची जखम

मित्रांनो, मी एक जुनी औषधाची पेटी आहे. पत्र्याची, पांढऱ्या रंगाची, झाकणावर तांबडी फुली असलेली. सुतारकामाच्या एका कारखान्यात, करवतीच्या यंत्राशेजारच्या भिंतीवर मी टांगलेली असते.

नवी होते तेव्हा माझा थाट काय सांगू! पोटात कापूस, जंतुनाशक, पट्ट्या, कात्री, चिमटा. कुणाच्या बोटात लाकडाचं कुसळ गेलं, की "पेटी आणा, पेटी!" असा गलका व्हायचा. पुढे दिवस पालटले. कापूस भुशाने पिवळा पडला. मलमाची तारीख उलटून गेली. चिमटा कुणीतरी घड्याळ दुरुस्त करायला नेला, तो नेलाच. माझ्यात स्क्रू आणि अर्धवट पेन्सिली राहायला आल्या.

एका सोमवारी मोठे मिस्त्री जुनी चौकट उतरवत होते. त्यांचा पाय खाली पडलेल्या फळीवर पडला आणि गंजका खिळा चपलेतून थेट तळव्यात घुसला, अंगठ्याच्या मुळाशी. रक्त आले जेमतेम चार थेंब. मिस्त्रींना बरीच वर्षे मधुमेह होता. त्यामुळे पायाला फारसे काही जाणवतच नसे.

"मिस्त्री, दाखवून या हो," पॉलिश करणाऱ्या मावशी म्हणाल्या.

"एवढ्याशा भोकासाठी? डॉक्टर हसतील मला!"

त्यांनी जखम धुतलीसुद्धा नाही. माझ्यातले ते शिळे मलम फासले आणि माझीच चिकटपट्टी वर दाबून बसवली. मला ओरडावेसे वाटत होते, की वरून दिसते त्याहून हे भोक खोल आहे, आत गंज आहे, घाण आहे. पण मला झाकण आहे, जीभ नाही.

गुरुवारी ते लंगडू लागले. मावशींनी बळेच पट्टी सोडायला लावली. भोवतीची कातडी लालभडक झाली होती, पाऊल सुजून गरम झाले होते.

"हे लक्षण काही बरं नाही, मिस्त्री."

"उतरेल हो. ही दारं एकदा रवाना झाली की जातो."

पुन्हा त्यांनी माझ्याकडे हात घातला. माझ्याकडची ती शेवटची पट्टी होती. तिच्याखाली पू साठत राहिला आणि वरून सारे झाकलेले, नीटनेटके दिसत राहिले. मित्रांनो, जे झाकायला नको होते तेच मी झाकत होते. ती पट्टी मला परत ओढून घेता येत नव्हती.

शनिवारी भर दुपारी मिस्त्री थंडीने कुडकुडू लागले. घोट्यापासून वर एक लाल रेघ चढत गेली होती. मावशींनी हातातला ब्रश टाकला आणि रिक्षा बोलावली. "आता तुमचं एक अक्षर ऐकणार नाही. उठा!"

पुढच्या आठवड्यात मावशी कामावर आल्या, तेव्हा त्यांनी सगळ्यांना सांगितले. "अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. डॉक्टर म्हणाले, त्याच दिवशी आले असते तर जखम साफ करून, धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी सोडलं असतं. साखर असलेल्या माणसानं तर पायाचा ओरखडाही दाखवावा म्हणे." करवत चालवणाऱ्याने यंत्र बंद केले.

अडीच महिन्यांनी मिस्त्री काठी टेकत आले. त्यांनी मला भिंतीवरून उतरवले, रिकामे केले, पुसले आणि नवे सामान भरले.

मित्रांनो, लहान खरचटले तर मला जरूर उघडा. आधी साबण-पाण्याने धुवा, मग स्वच्छ पट्टी बांधा. पण जखम खोल असेल, रक्त दाबूनही थांबत नसेल, लाली पसरत असेल, पू किंवा ताप आला असेल, तर माझ्या भरवशावर राहू नका. मी भिंतीवरची पेटी. तुम्हाला दवाखान्यात नेणे मला कधीच जमणार नाही. चालता येते आहे तोवर तुम्हीच जा.